हात लावायचा गोठा

९ मार्च

मोदिसा, माझ्या पाठच्या भावा,

दुमेला. तू बरा असशील, गुरं बरी असतील, बोअरला पाणी असेल. मी बरी आहे, एक गुडघा सोडून. गुडघ्याचं नंतर सांगते, आधी मोठी बातमी. तुमच्या गुरांच्या तळावर फोन लागत नाही ते बरंच आहे म्हणायचं. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच तोंड घातलं असतंस. पत्रात तुला तोंड घालता येत नाही.

तर ऐक. आपली वामे, माझ्या सेरवालोची पोरगी, गाबोरोनला बालवाडीत शिकवते ना, ती मागच्या महिन्यात सगळा वर्ग बसमध्ये कोंबून माझ्या दारात घेऊन आली. म्हणाली, "कोको, या पोरांनी बकरी फक्त ताटात बघितलीय." मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच रे! एक मुलगा बसमधून उतरेचना. दारात मंत्री उभा होता. गाढवाला हे नाव तूच ठेवलंस, बाकीचे राबतात आणि हा नुसता उभा असतो म्हणून. तर तो मुलगा विचारतो, "हा काय करतो?" मी म्हटलं, "बाळा, मंत्री आहे तो, काहीच करत नाही. ये खाली." बरोबर आलेल्या बाया इतक्या हसल्या की एकीचा डोक्याचा रुमाल सुटला. सुंदर रुमाल होता, निळा, तसा मला ख्रिसमसला हवाय.

मग काय सांगू तुला. करडांना पोरं सोडेनात आणि पोरांना करडं सोडेनात. आणि आपली खुनवाना! एवढी मोठी तांबडी गाय, तिनं मान खाली घातली, गळ्याखाली लोंबणारी पोळी त्यांच्यापुढे धरली, आणि ती एवढीएवढी बोटं फिरायला लागल्यावर डोळे मिटले तिनं. धार काढताना माझ्यासाठी कधी मिटले नाहीत हो.

जाताना त्या बाया माझ्या हातात पुलाच्या नोटा कोंबायला लागल्या. मी म्हटलं, हे पैसे कशाचे? त्या म्हणे, हात लावायचे. मोदिसा, मी चालायला लागले तेव्हापासून गुरांना हात लावतेय. मला आजवर कुणी काही दिलं नाही, उलट लाथा खाल्ल्या. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की हाच आपला धंदा.

आता वाडग्याचं कुंपण नवं केलंय, काटे बाहेरच्या अंगाला वळवले. हात धुवायला नळाचं पिंप ठेवलंय. वामेनं पाटी रंगवून दिली, "हात लावा". दोन शाळांनी वार धरलेत. तू मला दोन कोकरं पाठव. मऊ बघून पाठव, नाहीतर तुझ्यासारखी खरबरीत पाठवशील.

गुडघ्याचं राहिलंच. जाऊ दे, तो माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही.

तुझी अक्का,
म्मा-सेरवालो

२ एप्रिल

अक्का,

पत्र मिळालं. माझा चष्मा फुटलाय म्हणून मीठ आणणाऱ्या ट्रकवाल्या सेलोनं ते बोअरवर वाचून दाखवलं. म्हणजे सगळ्या तळांनी ऐकलं.

तेव्हापासून मी पाण्यावर गेलो की ओदिरिले विचारतो, "काय र्रा, तुझी गाय आज कितीला गाल ओढून घेते?" परवा तर म्हणाला, "मोदिसाच्या गाईनं शहरात नोकरी धरली, आता ती त्याला पैसे पाठवते." माणसं पाणी प्यायची थांबून हसतात. बैलसुद्धा बघतात.

खुनवाना कोण आहे विसरलीस का? आपल्या बापाच्या गाईची नात. त्या वाणाची ती एकच उरली. भावोजी गेले तेव्हा तुझ्या घरात दूध असावं म्हणून मी ती गुरं तुझ्याकडे माफिसा ठेवली. राखायला ठेवली. बापाच्या गाईला शहरातल्या पोरांनी चिमटे काढावेत म्हणून नाही.

कोकरं मिळणार नाहीत. पाटी काढ.

मोदिसा

२१ एप्रिल

मोदिसा,

पाटी काढली. आणि तिच्या जागी दुप्पट मोठी लावली. आता रस्त्यावरूनसुद्धा दिसते.

हे पत्रही सेलो वाचेल, म्हणून आधी त्या ओदिरिलेला दुमेला. ओदिरिले, लहानपणी तू आमच्या बकऱ्यांचं दूध थेट आचळाला तोंड लावून प्यायचास, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगितलं.

आता तू. माफिसाची रीत मी तुला शिकवायची का? गुरं तुझी, राखण माझी. वासरू झालं तर तुझं. मेलं तर तुझं, मी फक्त कातडं दाखवायचं. पण दूध माझं. शेण माझं. नांगराला जुंपली तर ती ताकद माझी. बापानंही लोकांकडे गुरं अशीच ठेवली आणि त्याला कुणी विचारलं नाही की दुधाचं काय केलं, प्यायलं की विकलं. बरोबर? मग मला सांग, हात लावणं कुणाचं? कुठल्या खोतल्यात, कुठल्या झाडाखाली पंचायत बसून ठरलं की ते मालकाचं? हात लावून गाय झिजते का? ये आणि मोजून बघ, शिंगापासून शेपटीपर्यंत तेवढीच आहे. उलट तकाकी आलीय. पोरं खरारा करतात तिला, रांग लावून करतात.

आणि चिमटे म्हणालास. माझ्या गोठ्यात चिमटा काढला तर मी काढते उलटा, हे पाटीवर नाही पण पोरांना माहीत आहे.

तुला मी पाठीला बांधून विहिरीवर नेलं, शेतावर नेलं, एकदा लग्नातसुद्धा नाचले तुला पाठीवर घेऊन, आणि तू माझा एकुलता एक चांगला झगा भिजवलास. तेव्हा घराण्याची अब्रू कुठे गेली होती?

शेजारची म्मा-ओनाले आता फाटकाशी बसून मैद्याच्या गरम मागविन्या तळते. पोरं निघताना घेतात, बाया येताना घेतात. सबंध गल्ली खातेय, तुझ्या गाईच्या मानेवर. याचा तुला अभिमान वाटायला हवा होता.

अक्का

१४ मे

अक्का,

माफिसा मालक केव्हाही परत मागू शकतो. हीसुद्धा रीतच आहे आणि तुला ती ठाऊक आहे.

मी परत मागतोय. खुनवाना, मंत्री आणि सगळ्या बकऱ्या. ट्रक ठरवलाय.

मोदिसा

११ जून

मोदिसा,

शाब्बास. वेळ बघून आलास. शनिवारची सकाळ, गावात मयत, सगळ्या बाया मातीच्या घरी मोठ्या कढयांवर, मीही तिथेच सेस्वाचं मांस कुटत उभी. हे तुला ठाऊक होतं. माझ्या तोंडासमोर गुरं सोडायची हिंमत झाली नाही, म्हणून मागच्या बाजूनं ट्रक लावलास. म्मा-ओनाले धावत सांगायला आली तेव्हा माझ्या हातात कुटायचा दांडा होता. तू नशीबवान, तोवर ट्रक डांबरीला लागला होता.

घरी आले. वाडगं रिकामं. मंत्री ज्या जागी उभा असायचा तिथे नुसती तुडवलेली गोल जागा. मी रडले नाही. थोडं रडले, पण ते रागानं.

बुधवारी बस यायची होती. वामे फोनवर म्हणाली, "कोको, शाळेला नको सांगू?" मी म्हटलं, "का? माझा हात मोडलाय का? येऊ दे." आली बस. मी माझ्या कोंबड्या आणल्या, म्मा-ओनालेचा टर्की आणला जो सगळ्या गावाचा द्वेष करतो, आणि पलीकडच्यांचा म्हातारा कुत्रा आणला. कोंबड्या पोरांच्या मांडीवर बसल्या. टर्कीला कुणी हात लावला नाही, त्यालाच ते नको होतं. कुत्रा झोपला आणि आठ पोरं त्याच्याभोवती कुजबुजत बसली, उठेल म्हणून. एक पोरगी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "कोको, तुमचे केस मेंढीसारखे आहेत." मी म्हटलं, फिरव हवा तेवढा. त्याचेही पैसे लावले.

तर धंदा चालू आहे. आणि ऐक, मी कोसींकडे गेले. आपले मुखिया आहेत ते, तुझेही आहेत, तळावर राहून विसरला असशील. त्यांच्यापुढे मांडलं. माफिसा परत नेताना राखणाऱ्याच्या हाती एक जनावर ठेवून जातात, खरं ना? इतकी वर्षं मी राखलं, दुष्काळातसुद्धा जगवलं. तू माझ्याकडे दावंसुद्धा ठेवलं नाहीस. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी खोतल्यात बोलावणं आहे. टोपी धुवून ये.

अक्का

३ जुलै

अक्का,

येतो. मला खोतल्याची भीती नाही.

गुरं उत्तम आहेत. इथे चारा चांगला आहे.

एक विचारायचं होतं. खुनवाना पान्हा चोरते. चारा पुढे टाकला तरी सोडत नाही. कास दगडासारखी होते, मग दिवसभर ओरडते. तू धार काढायच्या आधी काय करायचीस? आणि बकऱ्या चरायला जात नाहीत. फाटकाशी उभ्या राहतात, सेलोचा ट्रक आला की सगळ्या धावतात, तो उतरला की त्याच्या पायाशी. तो घाबरतो. जो येईल त्याच्याकडे जातात. एक करडू कमी आहे. कोल्ह्याकडेही गेलं असेल, मी पाहिलं नाही.

मंत्री बाकीच्या गाढवांबरोबर पाण्याला जात नाही. माझ्या झोपडीच्या दारात उभा असतो. काठी दाखवली तर काठीवर नाक घासतो.

पोरांनी यांना काय करून ठेवलंय ते कळव, म्हणजे मला ती सवय मोडता येईल.

मोदिसा

२० जुलै

मोदिसा,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं, म्मा-ओनालेला वाचून दाखवलं, मग तिनं मला वाचून दाखवलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की मागविन्या करपल्या.

"गुरं उत्तम आहेत." वाहवा! मग उत्तम गाय ओरडते कशाला?

करडाचं मात्र वाईट वाटलं. ते पांढऱ्या पायाचं असेल. तेच जायचं सगळ्यांकडे.

सवय कशी मोडायची ते मी सांगणार नाही. शहरात बाया पैसे देऊन ही सवय लावून घ्यायला येतात. पण खुनवानाची कास दुखते म्हणतोस, म्हणून एवढं लिहिते, तिच्यासाठी लिहिते, तुझ्यासाठी नाही. धारेला बसायच्या आधी तिच्यासमोर उभा राहा. बाजूला नाही, समोर. गळ्याची पोळी खालून दोन्ही हातांत घे, वरून खाली हलकेच चोळ, आणि तिच्याशी बोल. काहीही बोल. मी तिला तुझ्याबद्दल सांगायचे. तू तिला माझ्याबद्दल सांग, भरपूर मिळेल सांगायला. पोट सांभाळून, ती गाभण आहे. ते तुला कळलं असेलच, मोठा गुरंवाला तू.

मंगळवार विसरू नकोस.

अक्का

१२ ऑगस्ट

मोदिसा,

निकाल व्हायच्या आधीच निघून गेलास! पूर्वी बापाशी भांडून जायचास तसाच, न बघता, अंगणातल्या घागरीला पाय लावत. म्हणून उरलेलं मला लिहावं लागतंय. टपालाचा खर्च तुझ्या नावावर.

तू होतास तोवरचं तुला माहीत आहे. मी उभी राहिले, विचारलं, दूध कुणाचं? सगळे म्हणाले, राखणाऱ्याचं. शेण? राखणाऱ्याचं. नांगरट? राखणाऱ्याची. मग त्या म्हाताऱ्या र्रा-दिकेलेदीनं घसा खाकरून तुझी बाजू घेतली, की दूध काढलं की पुन्हा भरतं म्हणून ते राखणाऱ्याचं, हात लावल्यानं काय भरतं? आणि मी म्हटलं, "र्रा, म्मा-दिकेलेदी तुम्हाला हात लावते तेव्हा तुम्ही रिकामे होता का भरता?"

लोक हसले ते त्याला हसले, वेड्या, तुला नाही. तू उगीच टोपी घातलीस आणि निघालास. म्मा-दिकेलेदी तर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हातारा म्हणाला, "बरं, भरतो." आणि खाली बसला.

मग कोसी बोलले. लिहून ठेवल्यासारखं सांगते, शब्द मनात धरून आणलेत. म्हणाले, हात लावणं दुधाबरोबर जातं, ते राखणाऱ्याचं. म्हणजे मी काही चोरलेलं नाही. दुसरं म्हणाले, मालकानं गुरं परत नेली तो त्याचा हक्क आहे. म्हणजे तूही काही चोरलेलं नाहीस, फक्त मयताच्या दिवशी नेलीस. त्यावर बायांच्या बाजूनं "हूं" असा आवाज आला, तो अजून माझ्या कानात आहे, फार गोड. आणि तिसरं म्हणाले, राखणाऱ्याचं जनावर द्यायचं राहिलंय, ते द्यायचं, आणि इतक्या वर्षांचं राहिलंय म्हणून निवड तिची.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. र्रा-दिकेलेदी हळूच म्हणाला, "एखादी धडधाकट कालवड माग. भावाचं मन राहील."

मी खुनवाना मागितली. पोटातल्यासकट.

आता तू हे ऐकून आकाशपाताळ एक करशील. कर. बापाची गाय म्हणतोस ना? तो माझाही बाप होता. गुरं तेवढी तुला मिळाली कारण तू मुलगा. मला कढई मिळाली. मी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि आता काढतेय, कारण आता मला माझं जनावर हवंय. दुसऱ्याचं राखलेलं नको. माझं. कुणी शनिवारी येऊन नेऊ शकणार नाही असं.

बकऱ्या ठेव. मंत्रीही ठेव, तो तुझ्या दारात उभा असतो म्हणालास, तर उभा राहू दे, त्या वाळवंटात तुझ्या दारात दुसरं कोण उभं राहतंय?

आणि माझ्या गोठ्याची काळजी करू नकोस. निकाल ऐकून दुसऱ्या दिवशी म्मा-दिकेलेदी दोन मेंढ्या घेऊन आली, माफिसा म्हणून. तिसऱ्या दिवशी शाळेची स्वयंपाकीण ससे घेऊन आली. आता त्यांना कळलंय की माझ्याकडे ठेवलेल्या जनावरांचे लाड होतात, आणि लाड माझे. काल एक माणूस शहामृग ठेवशील का विचारून गेला. मी विचार करतेय.

गाय पाठव.

अक्का

५ सप्टेंबर

अक्का,

या पत्राबरोबर सेलोच्या ट्रकमध्ये खुनवाना आहे. वाटेत एकदा उतरवून पाणी दाखवायला सांगितलंय. दावं नवं आहे, ते तिचंच.

मी खोतल्यातून गेलो कारण माझे डोळे भरले होते. हसण्यामुळे नाही. तू दुष्काळात स्वतःच्या मळ्यातली ज्वारीची ताटं कापून गुरांना घातल्याचं सांगितलंस तेव्हा. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गृहीत धरलं की गुरं आपोआप जगली.

मंत्रीवर निकाल नाही, म्हणून तो ठेवतो. संध्याकाळी त्याच्या कानामागे खाजवावं लागतं, नाहीतर तो झोपडीत डोकं घालतो. ओदिरिलेनं पाहिलं. म्हणाला, "काय र्रा, कितीला?" मी म्हटलं, "तुझ्याकडे तेवढे नाहीत." आता तोही येतो. बसतो. खाजवतो.

एक गोष्ट. बापाच्या वाणाची एकही गाय आता माझ्या तळावर नाही. रोज सकाळी गुरं मोजताना तांबडा रंग शोधतो. खुनवानाला कालवड झाली तर ती माझ्याकडे पाठव. माझी म्हणून नाही. माफिसा म्हणून. दूध माझं, वासरू तुझं. बाईमाणसाची गुरं राखणारा आपल्या घराण्यात कुणी झालेला नाही, मला माहीत आहे. ओदिरिलेला सांगितलं तर तो हसला. हसू दे त्याला.

मोदिसा

१७ नोव्हेंबर

मोदिसा,

कालवड झाली! तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, पाय इतके लांब की तिला कळत नाही कुठला आधी टाकायचा. पहाटे व्याली, उन्हं आली तेव्हा बस आली, आणि पोरांनी तिला बघितलं तेव्हा ती अजून ओली होती. एवढी चिवचिव करणारी पोरं, सगळी आपणहून खाली बसली. मग एकानं विचारलं, "कोको, ही कुणाची?" मी म्हटलं, "माझी." दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, तरी दुसऱ्यांदा सांगितलं.

तुझं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. म्मा-ओनालेलासुद्धा नाही, आणि तिनं तीन वेळा विचारलं. तू जे लिहिलंस ते माझ्यापाशी राहील. ताटं काय, पुन्हा उगवतात.

पण कालवड पाठव म्हणतोस, ती मी पाठवणार नाही.

रागावू नकोस, पुढे वाच. म्हणजे सेलो, तू पुढे वाच. माफिसा कुणी ट्रकनं पाठवत नाही, मोदिसा. माफिसा मागायला माणूस स्वतः येतो. बापाकडे लोक यायचे ते कसे यायचे आठव. टोपी काढून यायचे, अंगणात जमिनीवर बसायचे, आधी पावसाचं बोलायचे, मग गुडघ्यांचं, मग मुलाबाळांचं, आणि सगळ्यात शेवटी, जणू आत्ताच आठवलं असं, गाईचं. बाप खुर्चीवर बसून सगळं ऐकून घ्यायचा आणि लगेच हो म्हणायचा नाही.

तसा तू ये. गुरुवारी किंवा शुक्रवारी ये, बाकीच्या दिवशी शाळा असतात आणि मालकिणीला वेळ नसतो. हात धुवायचं पिंप फाटकाशी आहे, धुतल्याशिवाय आत घेत नाही, भाऊ असो नाहीतर कोसी. अंगण मी झाडून ठेवीन. खुर्ची एकच आहे, तिच्यावर मी बसणार. माझ्या गुडघ्यांबद्दल जरा वेळ काढून विचार, मला सांगायचं आहे पुष्कळ.

लगेच हो म्हणणार नाही. तुला आंबील देईन, मागविन्या देईन, मग म्हणेन, बघू. आणि दूध सुटलं की कालवड घेऊन जा. वासरं होतील ती माझी. दूध तुझं, शेण तुझं, नांगरलीस तर तीही ताकद तुझी. आणि हात लावणं तुझं. त्यावर खोतल्याचा निकाल आहे, मलाही तो मोडता येत नाही.

तुझी अक्का,
म्मा-सेरवालो, गाईची मालकीण